शेवटचं कधी खाल्लंत?

मी भूल देते.
मिरजेत, स्टेशनच्या अलीकडं, अठरा वर्षं झाली.
सुई टोचायच्या आधी एकच प्रश्न, दिवसातनं दहादा :
शेवटचं कधी खाल्लंत?
चहासुद्धा धरून सांगा.

लोक खोटं बोलतात.
आरगचे एक आजोबा म्हणाले, काही नाही,
आणि दातात शेंगदाण्याचं लाल साल.
बेडगची सून म्हणाली, फक्त पाणी.
मागनं सासूनं दोन बोटं दाखवली : चपात्या.
मग मी केस पुढं ढकलते.
भरल्या पोटाला भूल मानवत नाही,
वर आलेला घास वाट चुकतो, फुप्फुसात उतरतो.
रिकामं पोट म्हणजे माझ्या धंद्यातली शिस्त.

त्या गुरुवारी पाचवी केस, म्हैसाळच्या अक्काताई चौगुले.
"आम्ही रात्रीचं खात नाही हो.
काल सूर्य बुडायच्या आत, मुगाची खिचडी."
मी मान डोलवली, फॉर्म भरला, पुढं सरकवला.
दस्तगीरमामांनी तो चष्म्याखालनं वाचला.
"मॅडम, हे कुणाचं लिहिलंत?"

काल दुपारी दोन. अर्धा वडापाव. उभ्यानं.

अक्षर माझं. पोटही माझंच.
अक्काताई टेबलावर पडल्या पडल्या म्हणाल्या,
"मग आधी तुम्हालाच द्या की भूल."

रात्री हिशेब मांडला.
कंपन्यांच्या माणसांनी ठेवलेली बिस्किटं,
डिस्चार्ज झालेल्यांचे पेढे,
कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, कातरीनं कापलेला,
आणि अकराला घरी जाऊन
दिवसभराचं सगळं एकदम, फ्रिजच्या उजेडात.
तीन महिन्यांची साखर सहा पूर्णांक तीन.
तो रिपोर्टही मी नावानं काढला नव्हता,
'स्टाफ' एवढंच लिहिलं होतं.

सतारमेकर गल्लीत भोपळे सुकत टांगलेले असतात.
आतला गर काढला की भोपळा बोलायला लागतो.
माणसाचं तसं नाही.
माणसाच्या पोकळीतनं फक्त चिडचिड वाजते,
आणि ती बहुतेक वेळा सिस्टर लोंढेंवर.

दुसऱ्या आणि तिसऱ्या केसच्या मध्ये
टेबल पुसायला अकरा मिनिटं लागतात.
ती मी अठरा वर्षं फोनला देत आले.
आता डबा आणते.
घडी घातलेली ज्वारीची भाकरी, मटकीची कोरडी उसळ,
काकडी, दही.
तासगावची नणंद किलोकिलोनं बेदाणा पाठवते,
त्यातला मोजून दहा.
आणि स्टूल. बसायचं, हे मामांनी ठरवलं.
डॉक्टर मगदूम बाहेरनं ओरडतात, "झालं का?"
"टेबल वाळतंय सर," मामा दारातनं सांगतात.
टेबल कधीच वाळलेलं असतं.

रोज जमतं असं नाही.
परवा अंकली फाट्यावर जीप उलटली,
चार जण एकामागोमाग आत आले
आणि डबा तसाच परत निघाला.
साडेदहाला गाडीत उघडला, पार्किंगमध्ये, दिव्याखाली.
भाकरीचे तुकडे झाले होते, दही आंबलेलं.
दही टाकलं. भाकरी खाल्ली.
बसून खाल्ली, एवढंच.

मग रमजान आला.
मामांचा रोजा. पहाटेपासनं पाण्याचा थेंब नाही,
आणि तरी त्याच दारात, माझ्याकडं पाठ करून उभे.
माझा घास हातातच राहिला.
म्हटलं, मामा, तुमच्यासमोर मला बरं वाटत नाही.

ते वळले नाहीत.
"माझा उपास मोजलेला आहे मॅडम,
कधी सुटणार ते मिनिटासकट ठाऊक आहे.
तुमचा तसा नव्हता.
खावा. सात मिनिटं राहिलीत."

बाहेरनं मगदूम ओरडले.
"वाळतंय सर," मामा म्हणाले.